तिसरी चकती

फेब्रुवारी संपता संपता श्रीदेवीने डोहाळजेवणाला नको म्हटलं. का, हे घरात कोणी विचारलं नाही. ते कारण जेवणाच्या टेबलावर तांब्याखाली दाबून ठेवलेलं होतं.

तो एक छापील कागद होता. श्रीदेवी सात रस्त्याजवळच्या एका क्लिनिकमध्ये एक्स-रे टेक्निशियन होती. एक्स-रेच्या कामावर असलेल्या प्रत्येकाला छातीशी एक बॅज लावावा लागतो, काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा, प्लास्टिकचा. त्याच्या आतलं कार्ड दर तीन महिन्यांनी पुण्याच्या प्रयोगशाळेत जातं आणि माणसावर किती किरण पडले ते तिथून लिहून येतं. सहा वर्षं श्रीदेवीच्या नावापुढे काही येत नव्हतं. नोंद करण्याइतकंही नाही, असंच दरवेळी छापलेलं असायचं. या खेपेला ऑक्टोबर ते डिसेंबरच्या रकान्यात १४.६ मिलिसिव्हर्ट असा आकडा आला होता आणि सोबत एक कोरा फॉर्म. जादा मात्रेचे कारण कळवावे.

ऑक्टोबरात तिला दुसरा महिना होता.

राजेश्वरीने, म्हणजे श्रीदेवीच्या सासूने, तो कागद पहिल्या दिवशी तीनदा वाचला होता. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होती, एकतीस वर्षं. त्यातली वीस वर्षं तिने तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत एकच काम केलं होतं: किरण साठवून ठेवणाऱ्या आणि तापवल्यावर उजेड देणाऱ्या पांढऱ्या पावडरी बनवणं. त्या बॅजमध्ये असते तीच पावडर. घरात तिच्या कामाचा कोणाला कधी उपयोग झाला नव्हता. मुलगा शिवयोगी लहान असताना मित्रांना सांगायचा, माझी आई रांगोळी शिजवते.

"शंभराच्या खाली बाळाला काही झाल्याचं कुठं दिसलेलं नाही, श्री," ती त्या रात्रीच्या जेवणावर म्हणाली होती. "हे चौदा आहेत. तेही छातीवरच्या बॅजचे. आत पोचतात ते आणखी कमी."

"आत्या, हे मी डिप्लोमाला शिकलेय. पोटुशा बायका घाबरतात तेव्हा मीच सांगते त्यांना."

"मग?"

"मग काय. मी काचेमागं उभी राहते. दार लावल्याशिवाय बटण दाबत नाही. एकदासुद्धा विसरले नाही. तरी एवढं आलं." श्रीदेवीने भाकरीचा तुकडा ताटात इकडचा तिकडे केला. "म्हणजे कुठल्या तरी दिवशी मी काही तरी केलं, आणि मला तो दिवस आठवत नाही. जो दिवस आठवत नाही तो चौदाचाच होता हे कशावरून? आणि पुढचे, जानेवारीपासूनचे, त्याचं काय? तो कागद तर अजून यायचाय."

"डॉक्टर म्हणाले ना काही नाही म्हणून," शिवयोगी म्हणाला. त्याचं मोटार-पंपाचं दुकान होतं आणि कुठलाही बिघाड उघडून बघता येतो यावर त्याचा विश्वास होता. हा उघडून बघता येत नव्हता म्हणून तो चिडचिडा झाला होता. "आई, तू तरी सांग हिला. तुझं आयुष्य गेलं त्या पावडरीत."

"सांगितलं की तिनं," श्रीदेवी म्हणाली. "आत्या, तुम्ही मला आकडा लहान आहे असं सांगता. मला तो आला कुठून ते पाहिजे. ते कळेपर्यंत मी ओटी भरून घेणार नाही. बायका गाणी म्हणणार, मी हिरवी साडी नेसून बसणार, आणि मनात हे? मला नाही जमणार."

राजेश्वरीला दुसरीच गोष्ट दिसत होती. पाचव्या महिन्यापासून श्रीदेवीला बोलता बोलता पोटावर हात ठेवायची सवय लागली होती, फोनवर असली तरी, टीव्ही बघत असली तरी. कागद आल्यापासून तो हात खाली असायचा. आपल्याकडे कोणी सांभाळायला दिलेली वस्तू असावी आणि तिला तडा गेला असावा, तसा.

*

रविवारी सकाळी राजेश्वरीने कॉलेजची किल्ली घेतली आणि श्रीदेवीला म्हणाली, "चल, तुला एक दाखवते."

सहा वर्षांत सून तिच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदाच येत होती. लांबट खोली, एका कोपऱ्यात भट्टी, खिडक्यांना जाड काळे पडदे. राजेश्वरीने कपाटातून काचेची एक बाटली काढली. बाटलीवर तिच्या बारीक अक्षरात तारीख होती.

"हे कॅल्शियम सल्फेट. हाड मोडल्यावर प्लास्टर घालतात ना, त्याचंच भावंड. नुसतं असलं तर बिनकामाचं. त्यात डिस्प्रोशियम घालायचं, दुर्मीळ मातीतलं एक. दोन हजार कणांमागं एक, बस."

"विरजणासारखं."

"मुलंही तेच म्हणतात. पण विरजण सगळ्या दुधाचं दही करतं. हे तसं पसरत नाही. आपापल्या जागी बसून राहतं, वाट बघत." ती चमच्याने चिमूटभर पावडर एका पत्र्याच्या ताटलीत घेत होती. "किरण येऊन गेले की या पावडरीत त्यांची ऊर्जा अडकते. खाचखळग्यांत पाणी अडकतं तशी. वर्षभर अडकून राहील. तापवलं की ती सुटते आणि या डिस्प्रोशियमजवळ पोचते. मग ते उजळतं. हिला मागच्या वर्षी मुंबईहून गॅमा किरण देऊन आणलंय, भरपूर. म्हणून डोळ्यांना दिसेल. तुमच्या बॅजमधलं इतकं थोडं असतं की ते यंत्रालाच दिसतं."

तिने पडदे ओढले, दिवा घालवला आणि हीटर लावला. अंधाराला डोळे सरावेपर्यंत दोघी स्टुलांवर बसून राहिल्या. बाहेर माळी कुणाला तरी पाण्याच्या पाइपावरून बोलत होता. मग ताटलीत काही तरी पांढुरकं जाणवायला लागलं. आधी वाटलं, भास आहे. हळूहळू ते वाढलं, निळा आणि पिवळा एकात एक मिसळून होतो तसा गार पांढरा उजेड, पत्र्याच्या कडा दिसाव्यात इतका. श्रीदेवी पुढे वाकली. तिच्या हनुवटीवर तो उजेड आला. मिनिटभर राहिला आणि विझत गेला.

"परत लावा ना," ती अंधारात म्हणाली.

"हीटर चालूच आहे. आता काही येणार नाही. एकदा सांगितलं की संपलं त्याचं."

श्रीदेवी बराच वेळ त्या काळ्या ताटलीकडे बघत राहिली. "म्हणजे माझं कार्डही पुसलं गेलं. पुण्यात वाचलं तेव्हाच."

"हो."

"मग आता कोणाला विचारायचं?"

राजेश्वरी दिवा लावायला उठली होती. ती तिथेच थांबली. वाचलं गेलं ते पुसलं गेलं, हे खरं. पण वाचणाऱ्याने काय काय लिहून घेतलं? कागदावर एक आकडा आला होता. कार्डात चकत्या तीन असतात. हे ती दरवर्षी फळ्यावर काढून शिकवायची, आणि घरी आलेल्या कागदापुढे मात्र गेले आठ दिवस ती शिक्षिका राहिलीच नव्हती, नुसती सासू झाली होती. शंभर आणि चौदा करत बसली होती.

"भार्गवीला," ती म्हणाली. "पुण्याच्या लॅबमध्ये माझी विद्यार्थिनी आहे. तिला विचारू."

*

घरी येऊन लावलेला फोन भार्गवीने दुसऱ्या घंटेला उचलला. "मॅडम, ते कार्ड तुमच्या घरचं होतं? अहो, मी त्यावर शेरा मारून ठेवलाय. मला वाटलं मशीनच बिघडलं. पुन्हा वाचून बघायची सोय नाही, तुम्हीच शिकवलंत. आकडे माझ्या लॅपटॉपवर आहेत, पण मी तुम्हाला नाही देऊ शकत हं. ज्यांचं कार्ड त्यांनाच."

"ती शेजारीच आहे." राजेश्वरीने फोन श्रीदेवीकडे दिला आणि पुढ्यात लाइट बिलाची पाठकोरी बाजू सरकवली.

श्रीदेवीने लिहून घेतलं. वरच्या चकतीचे चौदा. मधल्या चकतीचे एकशे साठ. खालच्या, तिसऱ्या चकतीचे तीन पूर्णांक चार.

"हे कच्चे आकडे आहेत, त्यांना अजून एकक लावायचं नाही," भार्गवी सांगत होती. "यावरून पुढं हिशेब करून ते चौदा पूर्णांक सहा निघालं. पण वहिनी, तिसरी चकती चुकीची वाटते मला. मॅडमना विचारा."

फोन ठेवल्यावर राजेश्वरीने बिलावर एकाखाली एक तीन गोल काढले.

"पहिलीच्या पुढं धातूचा पडदा असतो, म्हणून ती कमी दाखवते. बरोबर आहे. दुसरीच्या पुढं प्लास्टिक, त्यातनं एक्स-रे सरळ जातात. तिसरीच्या पुढं काहीच नसतं, उघडी खिडकी. म्हणजे दुसरी आणि तिसरी जवळपास सारख्या यायला पाहिजेत."

"आणि तिसरीचे साडेतीनपण नाहीत."

"उघड्या खिडकीच्या खोलीत सगळ्यात जास्त अंधार. खिडकीवर काही तरी होतं, श्री. धातूचं. चकतीएवढं किंवा थोडं मोठं, आणि चांगलं जाड."

"गळ्यातलं इष्टलिंग?" श्रीदेवीने आपल्या गळ्यातल्या शिवदाऱ्याला अडकवलेली चांदीची डबी चाचपली. "पण ते ब्लाउजच्या आत असतं. बॅज एप्रनला, बाहेर. आणि तसं असतं तर सहा वर्षं हाच गोंधळ झाला असता." ती विचार करत होती, कागद आल्यापासून पहिल्यांदाच भीती सोडून दुसरा कुठला तरी. "पेनचं टोपण? नाही, चकतीला पुरणार नाही. आत्या, बॅजचं खोकं क्लिनिकमध्येच आहे. कार्ड तेवढं बदलतात. बघायचं का?"

*

सोमवारी नऊच्या आधी दोघी क्लिनिकमध्ये पोचल्या. पेशंट यायचे होते. बाहेरच्या पॅसेजमध्ये खुंट्यांवर एप्रन आणि बॅज टांगलेले होते. श्रीदेवीला कागद आल्यापासून पुढच्या काउंटरवर बसवलं होतं, तरी तिचा बॅज तिच्याच खुंटीवर होता. राजेश्वरीने तो खिडकीशी नेला आणि चष्मा वर करून डोळ्यांजवळ धरला.

बॅजच्या खालच्या, उघड्या खिडकीच्या वर आणि खाली प्लास्टिकवर दोन पिवळ्या रेघा होत्या, पुसून पुसून फिकट झालेल्या. खोक्याला काही तरी गुंडाळलं असावं तशा मागेपर्यंत गेलेल्या.

"ही हळद," श्रीदेवी म्हणाली. "दसऱ्यानंतर आले तेव्हाच होती. मला वाटलं माझ्याच हाताची लागली."

"खंडेनवमीची हाय ती," मागून आवाज आला.

काशम्मा झाडू घेऊन उभी होती. क्लिनिक सुरू झालं तेव्हापासून ती तिथे होती. डॉक्टर तिला वचकून असत आणि टेक्निशियन तिला मावशी म्हणत.

"तुमी कुटं व्हता तवा, ताई? माहेरी, अक्कलकोटला. उलट्यांनी बेजार झालता की. हितं आमी पूजा मांडली. मोठ्या मशिनीला हार घातला, डाक्टरांच्या चष्म्याला कुंकू लावलं, ते ओरडले. बसूची कात्री ठेवली, माजा झाडू ठेवला. म्हटलं समद्यांचं हत्यार पुजलं, आमच्या ताईचंच न्हाय व्हय? मग खुंटीवरनं हे घेतलं."

"आणि ठेवलं कुठं मावशी?" राजेश्वरीने विचारलं. तिचा आवाज वर्गातल्यासारखा सपाट होता. तिला तो तसाच ठेवायचा होता.

"तितं."

काशम्माने आतल्या खोलीकडे बोट केलं. छातीचा एक्स-रे काढताना पेशंट ज्या उभ्या पाटीला टेकून उभा राहतो, तिच्या वरच्या कोपऱ्याकडे. समोरच यंत्राचं तोंड होतं.

"विड्याचं पान ठेवलं, पानावर नाणं, आन् हळदीच्या दोऱ्यानं गच्च बांधलं. दसऱ्याच्या सांजेला सोडलं, पुसलं, परत खुंटीला लावलं."

"नाणं कसलं?"

"जुनं पाचाचं. ते जाड असायचं न्हाय का, तसलं."

"पाचाचं का? रुपया ठेवतात ना."

काशम्माने श्रीदेवीकडे पाहिलं, मग झाडूकडे. "आता सांगायला काय हाय. मला कळलं व्हतं. फिनेलच्या वासानं ताई तोंड फिरवायला लागल्या तवाच. तुमी कुणाला सांगितलं नव्हतं, मग मी कशाला बोलू. पर म्हटलं, दोन जिवांचं हाय, रुपयावर कसं भागवायचं."

श्रीदेवी बाकावर बसली.

तेवढ्यात दुसरा टेक्निशियन बसवराज, ज्याला सगळे बसू म्हणत, डबा घेऊन आत आला. त्याने विचारायच्या आधीच अर्धं ओळखलं. "नवमीला आणि दसऱ्याला मी एकटाच होतो, मॅडम. तापाची साथ होती, खोकल्याची रांग लागलेली. मी म्हटलं मावशींना, हे काढू का. त्या म्हणाल्या, पूजेतलं दसरा होईपर्यंत हलवायचं नाही. मला वाटलं नुसतं खोकं आहे, कार्ड काढून ठेवलं असेल. पूजेतल्या वस्तूला मी हात कसा लावणार, सांगा."

"किती एक्स-रे काढलेस?"

त्याने रजिस्टर काढून पानं उलटली. "दोन दिवसांत नव्वद. छातीचेच."

काशम्माचा चेहरा उतरत चालला होता. तिला सगळं समजलं नव्हतं, पण खोलीतला वारा समजला होता. "ताई जेवत न्हाईत म्हणून बसू सांगत व्हता. कसला तरी कागद आलाय म्हणाला. ते माज्यामुळं झालं का?"

श्रीदेवी राजेश्वरीकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतला प्रश्न काशम्माच्या प्रश्नापेक्षा वेगळा होता. राजेश्वरीला तो कळला. नव्वद एक्स-रे बॅजला लागले, हे ठीक. पण चौदातले सगळेच त्यांचे का? थोडे तरी माझे असतील ना?

"मावशी," राजेश्वरी म्हणाली, "ते नाणं खर्चलं का तुम्ही?"

"खर्चीन कशी? देवाऱ्यात हाय. ताई बाळंतीण व्हईपर्यंत हलवायचं न्हाय, असं ठेवलंय."

"मला ते दोन दिवस पाहिजे."

काशम्मा घुटमळली. नवस बोलून ठेवलेली वस्तू होती. मग तिने झाडू भिंतीला टेकवला आणि पदर खोचला. "बाळासाठी ठेवलं व्हतं, बाळासाठीच जातंय. आणते."

*

दुपारी पेशंट संपल्यावर राजेश्वरीने पाटीच्या त्याच कोपऱ्यात आपल्या प्रयोगशाळेतल्या दोन चकत्या चिकटवल्या. त्याच पावडरीच्या, तिनेच दाबून केलेल्या. एक उघडी ठेवली, दुसरीवर विड्याचं पान आणि पाचाचं नाणं. पानाची काही गरज नव्हती. पण जे जसं झालं तसंच करायचं, म्हणून तिने कोपऱ्यावरच्या टपरीतून पान आणलं. पानवाल्याने चुना विचारला, तिने नको म्हटलं.

श्रीदेवी रस्त्यापलीकडच्या रसवंतीत जाऊन बसली होती. बसूने वीस एक्स-रे काढले, कोणाचेच नाहीत, नुसत्या हवेचे. काशम्मा दारात उभी राहून मोजत होती, कन्नडमध्ये.

रात्रीची घाई नको म्हणून राजेश्वरीने दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या तासाआधी चकत्या यंत्रात घातल्या. पडद्यावर उजेडाची रेघ चढत गेली. दोनशे अंशांपर्यंत फारसं काही नाही, मग सुरेख उंचवटा, मग उतार. हा आकार तिने हजारदा पाहिला असेल. पहिली चकती शंभर धरली तर नाण्याखालची दोन भरत होती. क्लिनिकमधून तिने आणखी दोन जोड्या तशाच करून आणल्या होत्या, त्याही वाचल्या. दोन, आणि दोनला किंचित कमी.

आणि मग ती खुर्चीत मागे टेकली, कारण नाण्याने काय करून ठेवलं होतं ते तिला आता पुरतं दिसलं.

ती घरी आली तेव्हा श्रीदेवी स्वयंपाकघरात तूर निवडत होती. दुपार होती, शिवयोगी दुकानावर. राजेश्वरीने साडीही बदलली नाही. ते लाइट बिल घेऊन ती समोर पाटावर बसली.

"तूच कर वजाबाकी. मी केली तर तुला वाटेल सासूनं केली."

श्रीदेवीने सूप बाजूला ठेवलं.

"दसऱ्याचे दोन दिवस तिसऱ्या चकतीवर नाणं होतं. बाकीचे दिवस ते नव्हतं, बॅज तुझ्या छातीवर होता, खिडकी उघडी. बरोबर? म्हणजे त्या दिवसांत तुझ्यावर जे काही पडलं असेल ते तिसऱ्या चकतीत असायलाच पाहिजे. त्यात तुझं सगळं आहे, आणि पाटीवरचं फक्त नाण्यातनं झिरपलेलं."

"नाण्यातनं किती झिरपतं?"

"शंभराला दोन. मी तीनदा बघितलं."

श्रीदेवीने पेन्सिल घेतली. मधल्या चकतीचे एकशे साठ, त्याचे शंभराला दोन. तिने मांडलं, तीन पूर्णांक दोन. तिसऱ्या चकतीचे तीन पूर्णांक चार, वजा तीन पूर्णांक दोन. उत्तर लिहून ती त्याकडे बघत राहिली.

"शून्य पूर्णांक दोन."

"भार्गवीला सकाळी तुझ्या आधीच्या तिमाहीचं विचार म्हटलं होतं, विचारलंस?"

"विचारलं. तिसऱ्या चकतीचे शून्य पूर्णांक दोन." तिने तो आकडा उत्तराशेजारी लिहिला. "त्याच्या आधीच्या वेळीही तेच. एकदा शून्य पूर्णांक तीन."

"एवढं तर घरी बसलेल्या माणसाच्या चकतीवरही येतं. दगडामातीतनं, आभाळातनं."

"म्हणजे मी काही केलं नव्हतं."

"तू काचेमागंच होतीस, श्री. प्रत्येक वेळी."

श्रीदेवीने पेन्सिल खाली ठेवली. ती रडली नाही. तिचा हात सुपाकडे गेला, तिथून परत आला आणि पोटावर जाऊन थांबला. कितीतरी वेळ तो तिथे होता, बोटं पसरून. राजेश्वरीने नजर तुरीकडे वळवली आणि एक खडा शोधून काढला. मग आणखी एक शोधायला लागली.

"मावशींनी रुपया ठेवला असता तर?" श्रीदेवीने विचारलं.

"रुपया पातळ. जास्त झिरपलं असतं, इतकं स्वच्छ कळलं नसतं. आणि नाणं ठेवलंच नसतं तर दोन्ही चकत्या सारख्या आल्या असत्या. तुझं कुठलं आणि पाटीवरचं कुठलं, हे मग कुणीच सांगू शकलं नसतं. मीही नाही."

"बांधलं त्यांनी म्हणून हे सगळं झालं. आणि बांधलं त्यांनी म्हणूनच कळलं."

"हं," राजेश्वरी म्हणाली.

थोड्या वेळाने श्रीदेवीने तांब्याखालचा फॉर्म ओढला. 'जादा मात्रेचे कारण' या ओळीपुढे चार बोटं जागा होती. "काय लिहू?"

"जे झालं ते."

तिने लिहिलं: खंडेनवमीनिमित्त बॅज पूजेत मांडला होता. मग खाली बारीक अक्षरात, सोबत मोजणी जोडली आहे. वाचून दाखवलं आणि हसली, फार दिवसांनी. "भार्गवी मॅडमच्या लॅबमध्ये फ्रेम करून लावतील हे."

"लावू देत. पण एक ओळ घाल. पूजा चालेल, खुंटीवरच करावी."

"आत्या, शेंगाचटणी आहे का? आणि सकाळची भाकरी राहिली असेल तर ती. गरम करू नका."

*

संध्याकाळी दोघी काशम्माच्या घरी गेल्या. साखर पेठेच्या मागच्या बाजूला दोन खोल्या, दारात तुळस, शेजारच्या यंत्रमागाचा आवाज भिंतीतून येत होता. त्यांना बघून काशम्मा दारातच थबकली. आदल्या रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे सांगायला नको होतं.

"अव्वा, काय झालं ताई?"

"काही नाही झालं मावशी," श्रीदेवी म्हणाली. "तेच सांगायला आले. बाळ ठीक आहे. मीही ठीक होते, सगळे दिवस. तुमच्या नाण्यामुळं कळलं."

काशम्माला चकत्या आणि शंभराला दोन हे कोणी सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, "बरं," आणि तोंडाला पदर लावून आत वळली. पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली, तो श्रीदेवीला द्यायचा विसरली आणि हातात धरून उभी राहिली.

श्रीदेवीने पर्समधून कागदाची पुडी काढली. राजेश्वरीने नाणं परत देताना ते नीट पुसलं होतं, पण कडेच्या खाचांत दसऱ्याची हळद अजून होती.

"पुढच्या गुरुवारी ओटी भरायची आहे माझी," ती म्हणाली. "तुम्ही सकाळपासून यायचं. शिरा तुमच्या हातचा."

"येते की."

"आणि हे," तिने नाणं काशम्माच्या तळहातावर ठेवलं आणि तिची बोटं मिटवली, "जिथं होतं तिथं ठेवा परत. अजून अडीच महिने आहेत."